मुक्कामी शिक्षक

यावलमध्ये संध्याकाळी शाळा सुटली की एसटी स्टँडच्या बाजूला एक ठरलेली घाई दिसते. डब्याची पिशवी खांद्याला लावलेले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले कर्मचारी भुसावळची गाडी पकडायला निघालेले असतात. कुणी दोघे एका मोटारसायकलवर, कुणी चौघे वर्गणी काढून एका कारमध्ये. भुसावळ वीसेक किलोमीटरवर, मधे तापीचा पूल आणि पुढे जळगाव. सकाळी याच रस्त्याने उलटी रांग लागते. याला सगळे ‘अप-डाउन’ म्हणतात. ते इतके अंगवळणी पडले आहे, की नोकरीच्या गावी बिऱ्हाड करून राहणाऱ्या शिक्षकाकडेच लोक कुतूहलाने पाहतात.

सरकारदरबारी हा मुख्यालयी राहण्याचा प्रश्न आहे. घरभाडे भत्ता हवा असेल तर शिक्षकाने मुख्यालयी राहावे, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडावा, असा आग्रह धरला जातो. त्यावर संघटना हरकत घेतात, निवेदने देतात, मग पुन्हा नवे पत्रक निघते. वर्षानुवर्षे हा वाद भत्ता आणि हजेरी यांच्याभोवतीच फिरतो आहे. माझ्या मते खरा मुद्दा दोन्ही बाजूंच्या हातून निसटला आहे. वेळेवर हजर व्हायला गावात राहावे लागत नाही. अप-डाउन करणारे कितीतरी शिक्षक घंटेच्या आधी वर्गात असतात. गावात राहायचे ते वेगळ्याच कारणासाठी. शिकवायला जे ज्ञान लागते त्यातले निम्मे शाळेच्या वेळेबाहेर, गावात असते आणि ते मुक्कामाशिवाय मिळत नाही. ते डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात नाही. ते नसेल तर विषयात तरबेज असलेला शिक्षकही अर्धवटच शिकवतो.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. शिक्षिकेच्या नोकरीने यावलला आणले आणि मी इथेच राहिले. कागदोपत्री हे परमुलखात जाणे नव्हते. राज्य एक, भाषा एक, बालभारतीची पुस्तकेही तीच. प्रत्यक्षात जांभ्या दगडावरून मी खोल काळ्या मातीत आले होते. माझ्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, इथे सातशेच्या आसपास. तिकडे पावसाळ्यावरचा धडा शिकवताना मुले खिडकीबाहेर बघत. इथली मुले तोच धडा ऐकताना पाण्याची मोटर आठवतात. घाम तिकडेही येतो, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेल्यावर दुपारी बारानंतर रस्ता ओस पडतो, हे मी इथेच पाहिले.

वर सातपुडा आणि खाली तापी, त्यांच्या मधल्या सपाटीवर यावल वसले आहे. गावात निंबाळकरांच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. जुन्या गॅझेटियरमध्ये गावाची ओळख जाडाभरडा देशी कागद आणि नीळ यांसाठी दिलेली आहे. आज ती केळीसाठी आहे. हडकाई-खडकाई नद्यांच्या काठी महर्षी व्यासांचे मंदिर आहे. व्यासांची मंदिरे मुळातच थोडी, त्यामुळे गुरुपौर्णिमेला इथे खान्देशातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातूनही भाविकांची रीघ लागते. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय इथेच आहे. एका वर्गात लेवा पाटीदार, गुजर, कोळी, तडवी, पावरा, बौद्ध, मुस्लिम अशा घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात. घरी कुणी लेवा गणबोली बोलते, कुणी पावरी, कुणी तडवी भिली, कुणी उर्दू. एवढी माहिती इथे येण्याआधीही जमवता आली असती. पुढे जे सांगते आहे ते मात्र राहिल्यानंतरच कळले.

पहिली गोष्ट विजेची. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणसे बॅटरी घेऊन शेतात जातात. ठिबक असले तरी कॉक फिरवावे लागतात, मोटरकडे बघावे लागते. सातपुड्याच्या बाजूला बिबट्याची भीती असते, म्हणून सोबतीला घरातला मोठा मुलगा जातो. हा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतो आणि सकाळी पहिल्या तासाला तो माझ्यासमोर बसलेला असतो. काही मुले काही आठवडे पेंगतात आणि पुढच्या आठवड्यात तीच मुले टवटवीत असतात, हे कुठल्याही शिक्षकाच्या ध्यानात येईल. पण या पेंगण्याचे वेळापत्रक वीज देणाऱ्या फीडरच्या वेळापत्रकाशी जुळते, हे कळायला रात्री दहाला गल्लीतून मोटारसायकली शेताकडे निघताना दिसाव्या लागतात. ते कळल्यावर एक साधा बदल करता येतो. ज्या आठवड्यात रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात गणिताचा नवा भाग पहिल्या तासाला घ्यायचा नाही. हा बदल कुठल्याही प्रशिक्षणात शिकवता येणार नाही, कारण तो फक्त याच गावाचा आहे.

दुसरी गोष्ट केळीची. बाहेरच्या माणसाला केळी वर्षभर सारखीच दिसते. इथे जूनच्या सुमाराची लागवड मृगबाग, पावसाळ्यानंतरची कांदेबाग. पहिल्यांदा लावलेली नवती आणि त्याच बुंध्याच्या पिलांवर धरलेली पिलबाग. प्रत्येकीची कापणी वेगळ्या वेळी येते आणि त्या त्या घरातला पैसाही. थंडी कडक पडली की पानांवर चरका येतो, वाढ थांबते, कापणी लांबते. सहलीची वर्गणी जानेवारीत मागावी की मार्चमध्ये, कुणाच्या घरी वही आणायला सांगताना आधी विचार करावा, हे या पंचांगावर ठरते. मुलांना हे पंचांग तोंडपाठ असते. टक्केवारी न जमणारा सातवीतला मुलगा क्विंटलला दोनशे रुपयांनी भाव पडला तर एका गाडीमागे घरचे किती बुडाले, हे बोटांवर सांगतो. त्याची आकडेमोड पक्की असते, पुस्तकातल्या शेकडेवारीच्या मांडणीशी तिचा सांधा कुणी जुळवून दिलेला नसतो. तो सांधा जुळवायचा तर शिक्षकाला त्या दिवशीचा भाव माहीत हवा.

पाण्याचेही तसेच. भूजलाची आकृती पुस्तकात असते. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो बझाडा पट्टा आहे त्यातून पाणी जमिनीत मुरते आणि यावल-रावेरच्या खोल गाळात साठते. केळीसाठी ते इतके उपसले गेले, की हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जाऊ लागले. वर्गात विचारले, ‘तुमच्याकडे बोअरला किती फुटांवर पाणी लागले?’ तर प्रत्येक जण आकडा सांगतो, आणि आजोबांच्या विहिरीची खोली विचारली तर तीही सांगतो. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की भूगोलाचा धडा आपोआप उभा राहतो. शिक्षकाने फक्त विचारायचे असते. पण काय विचारायचे, हे गावात राहिल्याशिवाय सुचत नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आखाजीची गोष्ट. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशातला मोठा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराई बसते. पण त्याच दिवसाला शेतीच्या जगात आणखी एक अर्थ आहे. खान्देशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचे, वर्ष आखाजीला संपते आणि आखाजीलाच सुरू होते. जुना मालक की नवा, पगार किती, उचल किती, हे त्या सुमारास ठरते. मालक बदलला की बिऱ्हाड बदलते. शेतातल्या एका खोलीतून दुसऱ्या गावच्या शेतातल्या खोलीत. यातली कितीतरी कुटुंबे पावरा, भिल्ल, बारेला समाजांची, सातपुड्यातली किंवा पलीकडच्या मध्य प्रदेशातून आलेली असतात.

आता शाळेचे पंचांग याच्या शेजारी ठेवून पाहा. आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. त्या वेळी परीक्षा नुकत्याच संपलेल्या असतात, एक मेच्या निकालाची गडबड असते किंवा सुट्टी लागलेली असते. मूल कुठे गेले हे विचारायला शाळेत कुणी नसते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा हजेरीपटावर नाव असते आणि बाकावर मूल नसते. काही आठवडे गैरहजेरी लागते, मग त्याचा हिशेब अनियमित मुलांत होतो, मग शाळाबाह्य मुलांत. खरे तर ते मूल आठ-दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या शेतात असते. शिक्षणहक्क कायद्याने त्याला दाखल्याशिवायही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोयही राज्यात आहे. कायदा आहे, कार्ड आहे. पण ते कार्ड आखाजीच्या आधीच्या आठवड्यात हातात पडले पाहिजे, आणि कुणाच्या हातात पडले पाहिजे हे ठाऊक असलेला माणूस गावात पाहिजे. किराणा दुकानदाराला ते ठाऊक असते, कारण उधारीचा हिशेब त्याला त्याच आठवड्यात मिटवायचा असतो. दुकानदाराला जे कळते ते शाळेला कळत नाही, याचे एकच कारण आहे: दुकानदार गावात राहतो.

भाषेचा अनुभव याहून थोडा वेगळा, पण त्याच जातीचा. श्रुतलेखनात एका मुलीने ‘शाया’, ‘डोया’, ‘फया’ असे लिहिले. तिची जुनी वही चाळली तर प्रत्येक ठिकाणी ‘ळ’च्या जागी ‘य’ होता आणि एकदाही चूकभूल नव्हती. लेवा गणबोलीचा हा नियमच आहे आणि ती तो काटेकोर पाळत होती. हे ओळखणारा शिक्षक एका तासात दोन्ही रूपे शेजारी मांडून तिला पुस्तकातल्या लेखनाकडे नेऊ शकतो. न ओळखणारा वर्षभर प्रत्येक शब्दावर लाल रेघ मारतो आणि मुलीची समजूत होते की आपल्याला काहीच येत नाही. जवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच बोलीत बोलल्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली आणि पुढे पाठ्यपुस्तकांत मानाने गेली. कवितेच्या पानावर जी बोली आपण गौरवतो तीच बोली मुलाच्या वहीत खोडतो. हा विरोध शिक्षकानेच सोडवायचा आहे, आणि त्यासाठी त्या बोलीत भाजी घेतलेली, भांडण ऐकलेले, मयताला बसलेले असावे लागते.

बाहेरून आलेल्या शिक्षकाने काय करावे, याचे वळण खान्देशातच घालून दिलेले आहे. साने गुरुजी माझ्याच जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३०च्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत तिथे शिकवत होते. त्यांच्या शिक्षकपणाचा गाभा वर्गापेक्षा छात्रालयात होता. ते मुलांबरोबर राहिले, त्यांच्या खोल्या आवरल्या, आजारपणे काढली, ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक चालवले. आपण त्यांच्या प्रेमळपणाबद्दल पुष्कळ बोलतो. मला त्या प्रेमाची पद्धत महत्त्वाची वाटते. ते मुलांच्या चोवीस तासांत राहत होते, म्हणून त्यांना मुले कळली. आणि मुले कळली म्हणून त्यांच्या मागची घरे, शेते, कर्जे कळली. १९३६ मध्ये आमच्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्यासाठी गुरुजी खान्देशातली गावे पालथी घालत होते तेव्हा ते कोकणातून आलेले पाहुणे राहिले नव्हते.

त्याच अधिवेशनाचा मंडप उभारायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. अट अशी, की गावात मिळणारे सामान आणि गावचे कारागीर यांच्यावरच काम भागवायचे. बांबू आणि असल्याच साध्या साहित्यातून बोसांनी ते नगर उभे केले. बाहेरच्याने इथे येऊन काय करावे, याचे उत्तर त्या अटीत आहे. कसब तुमचे आणा, सामान इथले वापरा.

दुसरे उदाहरण फलटणचे आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून शिकवण्यासाठी भारतात आल्या आणि साठच्या दशकात फलटणला राहू लागल्या. फलटणच्या वेगवेगळ्या समाजांतले लोक मराठी कसे वेगवेगळे बोलतात, यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही त्यांची शाळा ऐंशीच्या दशकातली. हा क्रम नीट पाहिला पाहिजे. आधी गाव कसे बोलते याचा अभ्यास, मग त्या गावाच्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याची पद्धत. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या बाईंना जो क्रम आवश्यक वाटला, तो आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या शिक्षकाला अनावश्यक का वाटावा? भाषा एकच आहे या समजुतीने आपण शिकण्याचा टप्पाच गाळून टाकतो.

उलट दिशेचाही एक माणूस या तालुक्याने दिला. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. इंग्रजीचे अध्यापन करत ते गावोगाव फिरले, लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्येही शिकवून आले, आणि साहित्य आपल्या मातीतून, आपल्या परंपरेतून वाढते ही देशीवादाची मांडणी त्यांनी ठामपणे केली. त्या मांडणीवर वाद पुष्कळ झाले आहेत. माझ्यासारख्या बाहेरच्या शिक्षिकेला तिच्यातून एक प्रश्न मिळतो: माती जर इतकी महत्त्वाची, तर दुसऱ्या मातीतून आलेल्याला इथे शिकवण्याचा अधिकार कशाने येतो? माझे उत्तर असे, की तो जन्माने येत नाही आणि नेमणुकीच्या आदेशानेही येत नाही. तो राहण्याने येतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, की मग स्थानिकच शिक्षक नेमा, प्रश्न मिटला. कोकणात ही मागणी जोरात आहे. तिथल्या शाळांत खान्देश-मराठवाड्यातून गेलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीची वाट बघत असतात आणि बदली झाली की शाळा रिकामी पडते, ही तिथल्या पालकांची तक्रार खरी आहे. तरी मला हा तोडगा पुरेसा वाटत नाही. यावलमध्ये जन्मलेल्या शिक्षकालाही पावरा वस्तीतली बोली येतेच असे नाही. गावातल्या गावात परमुलूख असतो. शिवाय स्थानिकाला ज्या गोष्टी रोजच्याच वाटतात त्या बाहेरच्याच्या नजरेला टोचतात. सालदाराचे मूल जूनमध्ये गायब होणे इथे कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटणारे कुणीतरी शाळेत असावे लागते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो रास्त आहे. गावात राहायला घर मिळत नाही, नवरा-बायकोच्या नोकऱ्या दोन टोकांना, स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची चिंता, म्हाताऱ्या आईबापांचे दवाखाने. पाड्यावर एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेची अडचण तर निराळीच. ठराव आणि भत्ता यांचा धाक दाखवून ही माणसे राहायला येणार नाहीत. फार तर राहत असल्याचे कागद तयार होतील. म्हणून सक्तीवर माझा विश्वास नाही. शाळेजवळ राहण्याजोगी घरे बांधणे, पती-पत्नीला जवळची शाळा देणे आणि बदलीच्या आधी किमान काही वर्षे एका जागी स्थिर राहू देणे, हे सरकारचे काम आहे. ते न करता शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

पण राहणे शक्य नसेल तिथेही एक गोष्ट आजपासून करता येईल आणि तिला पैसा लागत नाही. मुख्याध्यापक बदलून जाताना नव्या माणसाला चार्ज देतात. जनरल रजिस्टर, डेड स्टॉक रजिस्टर, कॅशबुक, पोषण आहाराचा साठा, कपाटाच्या किल्ल्या. टेबल-खुर्च्या मोजून सह्या होतात. गावाविषयी कमावलेले ज्ञान मात्र कुणी कुणाला देत नाही. ते जुन्या शिक्षकाबरोबर निघून जाते आणि नवा शिक्षक पहिल्यापासून सुरुवात करतो. प्रत्येक शाळेने गावाची एक नोंदवही ठेवावी आणि चार्जच्या यादीत तिचे नाव असावे. कोणत्या वस्तीतून कोणत्या महिन्यात बिऱ्हाडे हलतात, कुठली बोली बोलणारी मुले कुठल्या अक्षरांपाशी अडतात, कोणत्या पिकाची कापणी कधी असते, बाजाराच्या दिवशी कोण शाळेत येत नाही आणि का, होळीआधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार असतो त्या आठवड्यात पाड्यांवरची हजेरी कशी असते, निरोप पोचवायचा तर गावात कुणाला सांगावा. जो शिक्षक चार वर्षे राहिला त्याने चार वर्षांचे लिहावे, जो अप-डाउन करतो त्याने आधीचे वाचून आपले दोन शब्द घालावेत. मुलांची, घरांची नावे त्यात नकोत. गावाची रीत हवी.

त्याबरोबर नव्या शिक्षकाचे पहिले वर्ष शिकण्याचे वर्ष म्हणून मानले जावे. त्या वर्षी त्याच्यावर ऑनलाइन माहितीचे आणि सर्वेक्षणांचे ओझे कमी असावे आणि वस्त्यांवर जाणे हे त्याच्या कामाच्या तासांत धरले जावे. आज वस्तीवर गेलेला शिक्षक हौशी समजला जातो आणि पोर्टलवर आकडे भरणारा कामसू. हा क्रम उलटा व्हायला हवा. निकाल, पटसंख्या आणि गळती यांचे जे आकडे वरून मागितले जातात ते सुधारण्याचे मार्ग या वस्त्यांमधूनच जातात.

शिक्षकाच्या पात्रतेची चर्चा आपल्याकडे पदवी आणि पात्रता परीक्षेपाशी थांबते. त्या दोन्ही आवश्यक आहेत. विषय येत नसलेल्या शिक्षकाला गावाचे ज्ञान वाचवू शकत नाही. पण पात्रतेचा तिसरा भाग नेमणुकीनंतर, नेमणुकीच्या गावात मिळवायचा असतो आणि प्रत्येक नव्या गावात तो पुन्हा मिळवावा लागतो. आखाजीला हलणारे बिऱ्हाड जूनमध्ये नव्या शाळेच्या पटावर आले, तर तो भाग कुणीतरी मिळवला आहे असे समजावे.